एका लहानशा स्विस गावाचा भूगोल आणि इतिहास कसा अभ्यासावा

स्वित्झर्लंडमधील एखाद्या लहान गावाविषयी लिहायला बसले की बहुतेक जण आधीच दोन प्रकरणे आखून ठेवतात. पहिल्यात उंची, नदी आणि शिखरे येतात, दुसऱ्यात सनावळी येते. डोंगरातल्या गावासाठी ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते, कारण तिथे जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या जुन्या निर्णयाची खूण बाळगून असतो, आणि दप्तरातला जवळजवळ प्रत्येक कागद एखाद्या कुरणाबद्दल, जंगलाबद्दल, पाण्याबद्दल किंवा खिंडीबद्दल बोलत असतो. म्हणून पुढे सांगितलेली पद्धत दोन्ही विषय एकत्र वाचण्याची आहे. ती हवेत राहू नये यासाठी ग्लारुस या लहान राज्यातले, म्हणजे तिथल्या भाषेत कॅन्टनमधले, एल्म हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. झेर्न्फ नदीच्या खोऱ्याच्या अगदी टोकाला, सुमारे ९८० मीटर उंचीवर ते वसले आहे. एवढ्याशा गावात इतक्या गोष्टी एकत्र आलेल्या क्वचितच आढळतात.

आधी ‘गाव’ म्हणजे काय ते ठरवा

पहिले काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले तर पुढची सगळी आकडेवारी बिघडते. स्वित्झर्लंडमध्ये ‘गाव’ या एका शब्दामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे प्रत्यक्ष वस्ती: चर्च, त्याभोवतीची घरे आणि आजूबाजूच्या वाड्या. दुसरी म्हणजे गेमाइंडे, अर्थात कर घेणारी, शाळा चालवणारी आणि स्वतःची हद्द असलेली राजकीय ग्रामसंस्था. तिसरी म्हणजे मूळ नागरिकांची संस्था, जिच्या मालकीची जंगले आणि कुरणे असत आणि जिचे सभासदत्व राहत्या घरावरून नव्हे, तर घराण्यावरून मिळत असे. ग्लारुसमध्ये या तिसऱ्या संस्थेला टाग्वेन असे खास नाव होते. जुन्या कागदात हा शब्द दिसला, तर तिथे गावातल्या सर्व रहिवाशांविषयी बोलले जात आहे असे गृहीत धरू नये.

एल्मच्या बाबतीत आणखी एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ जानेवारी २०११. त्या दिवशी एल्म ही स्वतंत्र ग्रामसंस्था संपली आणि ते गाव ग्लारुस झ्यूद या मोठ्या संस्थेचा भाग झाले. २००६ च्या लांड्सगेमाइंडेत, म्हणजे नागरिक उघड्या चौकात जमून हात वर करून मतदान करतात त्या सभेत, हा निर्णय झाला होता. सरकारचा प्रस्ताव गावसंस्थांची संख्या दहावर आणण्याचा होता. सभेतल्या एका नागरिकाने तीनच ठेवण्याची सूचना मांडली आणि सभेने तीच स्वीकारली. २५ ग्रामसंस्थांच्या जागी तीन उरल्या. त्यामुळे २०१० पर्यंतचा ‘एल्म’चा आकडा आणि त्यानंतरचा ‘ग्लारुस झ्यूद’चा आकडा एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. असा बदल देशभर झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तीन हजारांहून अधिक असलेल्या ग्रामसंस्था आज सुमारे २,१०० वर आल्या आहेत. तेव्हा तुम्ही कोणतेही गाव निवडा, त्याची हद्द कधी बदलली हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवा.

नकाशे कालक्रमाने लावा

यानंतर ग्रंथांकडे वळण्याआधी नकाशे घ्यावेत. स्विसटोपो या संघराज्याच्या भूमापन कार्यालयाने आपले जुने नकाशे संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत, आणि तिथल्या ‘कालप्रवास’ सुविधेत एकच जागा निरनिराळ्या वर्षांच्या नकाशांवर पाहता येते. सर्वांत जुना थर द्युफूर नकाशाचा आहे. जनरल गियोम-आंरी द्युफूर यांच्या देखरेखीखाली १८४५ ते १८६५ या काळात तो प्रसिद्ध झाला; त्याचे प्रमाण १:१,००,००० आहे आणि उतार बारीक रेघांच्या छायेने दाखवले आहेत. १८७० पासून निघालेल्या झीगफ्रीड नकाशात समोच्च रेषा आल्या. मैदानी भागासाठी त्याचे प्रमाण १:२५,००० आणि आल्प्ससाठी १:५०,००० होते. आजच्या १:२५,००० मालिकेत एल्मचे पान ११७४ क्रमांकाचे आहे.

इथे एक सापळा आहे, ज्यात चांगले अभ्यासकही अडकतात. स्वित्झर्लंडमधील सर्व उंची जिनिव्हा सरोवरातल्या पियेर द्यु नितों या खडकाच्या आधारे मोजली जाते. १९०२ मध्ये त्या खडकाची उंची ३७६.८६ मीटरऐवजी ३७३.६ मीटर धरण्याचे ठरले. परिणामी जुन्या नकाशावरचे शिखर किंवा चर्च आजच्यापेक्षा सव्वातीन मीटरांनी उंच दिसते. डोंगर खचला असा निष्कर्ष काढण्याआधी हा फरक वजा करावा.

नकाशे समोर ठेवले की तीन गोष्टी रंगाने खुणावून घ्याव्यात: उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू, कायम वस्तीची वरची मर्यादा, आणि तिच्या वर कुरणे कोणत्या टप्प्यांनी चढतात ते. आल्प्समधल्या गावाचे अर्थकारण उभे असते. खाली खोऱ्यात घर, गोठा आणि हिवाळ्याच्या वैरणीचे गवत. मधल्या उतारावर वसंतात आणि शरदात वापरायच्या जमिनी. आणि सर्वांत वर आल्प, म्हणजे उन्हाळी कुरण. पर्वतराजीला ज्या शब्दाने आपण ओळखतो, तो शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी एका कुरणाचे नाव असतो. एल्मच्या जुन्या हद्दीचे क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस किलोमीटर होते, पण त्यातला वस्तीचा पट्टा अगदी चिंचोळा आहे. उरलेले सारे कुरण, जंगल, खडक आणि बर्फ.

खिंडीही याच वेळी नोंदवाव्यात. मोटारीचा रस्ता एल्मपाशी संपतो, म्हणून ते जगाच्या कडेला असल्यासारखे वाटते. पण पायवाटा तिथे संपत नाहीत. २,४०७ मीटर उंचीची पानिक्स खिंड आणि २,६२७ मीटर उंचीची सेग्नेस खिंड दक्षिणेकडे ग्राउब्युन्डेनमध्ये उतरतात, तर फू खिंडीने पूर्वेकडच्या खोऱ्यात जाता येते. पानिक्सच्या पलीकडच्या गावाचे रोमान्श नाव पिग्नीउ आहे. खिंड ओलांडली की भाषा बदलते, हे नकाशावरच्या नावांवरूनच कळते.

नावे वाचायला शिका

नावांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. झेर्न्फच्या खोऱ्यात खालून वर जाताना क्रमाने श्वान्डेन, एंगी, माट आणि एल्म ही गावे लागतात. श्वान्डेन हे नाव झाडे वाळवून रान मोकळे करण्याच्या क्रियेवरून आले आहे, एंगी म्हणजे अरुंद जागा, आणि माट म्हणजे गवताचे कुरण. तीन नावांत खोऱ्याचा आकारही आला आणि तिथे माणसाने काय केले तेही आले. अशीच ‘र्‍युटी’ आणि ‘ब्रांड’ ही नावे अनेक गावांच्या शिवारात भेटतात: पहिले मुळे उपटून साफ केलेल्या जमिनीचे, दुसरे जाळून साफ केलेल्या जमिनीचे. मात्र नावाच्या आजच्या रूपावरून अर्थ लावू नये. जुन्यात जुन्या कागदातले रूप शोधावे आणि मगच व्युत्पत्ती लिहावी. ती सापडली नाही तर नाव नुसते नोंदवून पुढे जावे.

खडकाची रचना समजून घ्या

गावाच्या इतिहासासाठी भूगर्भाची इतकी तपशीलवार माहिती कशाला, असे वाटू शकते. एल्म हे या शंकेचे उत्तम उत्तर आहे. गावाच्या आग्नेयेला चिंगेलहोर्नर नावाची सुळक्यांची रांग आहे आणि तिच्यातून एक फिकट, जवळजवळ सरळ रेघ आडवी जाते. रेघेच्या वरचा वेरुकानो खडक २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि खालचा फ्लिश साधारण साडेतीन ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे जुना खडक नव्याच्या डोक्यावर बसला आहे. आर्नोल्ड एशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही विसंगती ओळखली होती. त्यांचे शिष्य आल्बर्ट हाइम यांनी दोन बाजूंनी आलेल्या दुहेरी घडीचे स्पष्टीकरण दिले. १८८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बेर्त्रां यांनी एकाच दिशेने सरकलेल्या प्रचंड थराची कल्पना मांडली, आणि पुढे हाइम यांनीही ती मान्य केली. पर्वत कसे बनतात याविषयीचे आजचे आकलन घडण्यात या डोंगरांचा मोठा वाटा आहे, आणि म्हणूनच २००८ मध्ये हा सार्डोना नावाचा डोंगराळ परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

याच रांगेत मार्टिन्सलोख नावाचे आरपार भोक आहे. मेंढ्या चोरायला आलेल्या राक्षसावर संत मार्टिनने फेकलेली काठी कड्यातून पार गेली, अशी तिथली कथा आहे. वर्षातून दोनदा, मार्चच्या १२ किंवा १३ तारखेच्या सुमारास आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य कड्यावर येण्याआधी त्या भोकातून त्याचा झोत एल्मच्या चर्चवर पडतो आणि दोनेक मिनिटांत नाहीसा होतो. अशी कथा, तिच्यामागचा खडक आणि ही तारीख तिन्ही एकाच परिच्छेदात लिहावीत. कथेला ‘लोकसाहित्य’ म्हणून परिशिष्टात टाकणे अन्यायाचे आहे, कारण गावकऱ्यांच्या मनात हा डोंगर त्या कथेनेच उभा आहे.

मोठी घटना: सर्व साधने एकत्र लावून पाहा

फ्लिशच्या थरांतच पाटीचा दगड सापडतो. शाळेतली पाटी ज्याची होते, तोच हा काळा, पातळ पापुद्र्यांनी सुटणारा दगड. एंगीच्या वरची जुनी खाण शतकानुशतके चालली आणि १९६१ मध्ये बंद झाली. आज तिथे आत जाऊन पाहता येते. एल्ममध्ये चिंगेलबेर्गच्या पायथ्याशी खाणकाम १८६८ पासून सुरू झाले. १८७४ च्या संघीय राज्यघटनेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळा वाढत होत्या तसा पाट्यांचा खपही वाढत होता, आणि एरवी गुरांवर जगणाऱ्या गावाला रोख पैशाचा मार्ग मिळाला होता. दगड काढण्यासाठी डोंगराच्या पायात सुमारे १८० मीटर लांबीची खाच आत आत खोदली गेली. वरच्या उतारावर भेगा दिसू लागल्या. आदल्या दिवशी पाहणीही झाली, पण धोका तात्काळ आहे असे कोणाला वाटले नाही. रविवार, ११ सप्टेंबर १८८१ च्या संध्याकाळी काही मिनिटांच्या अंतराने डोंगर तीनदा कोसळला. पहिल्या कोसळण्यानंतर मदतीला धावलेले आणि थोड्या अंतरावर सुरक्षित आहोत असे समजणारे लोकही पुढच्या दोन खेपांत सापडले. सुमारे एक कोटी घनमीटर खडक समोरच्या ड्यूनीबेर्गच्या उतारावर चढला, तिथून वळला आणि उन्टरटाल या वस्तीवरून खोऱ्यात पसरला.

अशा घटनेवर लिहिताना पद्धतीची खरी परीक्षा होते. मृतांचा आकडा कुठे ११४, तर कुठे ११५ असा मिळतो. अशा वेळी सोयीचा आकडा निवडू नये; दोन्ही द्यावेत. प्रत्यक्षदर्शींचे वर्णन आणि भूवैज्ञानिकाचे मोजमाप ही दोन्ही साधने एल्मसाठी उपलब्ध आहेत, कारण हाइम लगेच तिथे पोहोचले आणि लोकांनी काय पाहिले ते त्यांनी काळजीपूर्वक ऐकून घेतले. खडकाचे तुकडे सुटे सुटे घरंगळले नाहीत, ते द्रवासारखे वाहिले, हे त्यांचे निरीक्षण दरडींच्या शास्त्रात आजही आधारभूत मानले जाते. नंतर नकाशांकडे परत यावे. द्युफूर नकाशात कोसळण्याच्या आधीचे खोरे आहे आणि खाण अजून नाही. पुढच्या नकाशांवर ढिगाऱ्याच्या जागी हळूहळू कुरणे आणि इमारती परत येताना दिसतात. आणि एक प्रश्न सोडू नये: खाण कोणाच्या मालकीची होती? ती गावाचीच होती. दुःखाबरोबर जबाबदारीचाही विचार गावाला स्वतःशी करावा लागला, हे ध्यानात घेतल्याशिवाय १८८१ नंतरचे एल्म समजत नाही.

दप्तरात काय मागावे

सुरुवात स्वित्झर्लंडच्या ऐतिहासिक कोशापासून करावी. तेरा खंडांचा हा कोश जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांत असून संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, आणि त्यात ग्रामसंस्थांवर स्वतंत्र नोंदी आहेत. त्यानंतर कॅन्टनचे अभिलेखागार. ग्लारुसमध्ये त्याला लांडेसआर्खिव्ह म्हणतात, आणि तिथे योहान याकोब कुब्ली-म्युलर यांनी तयार केलेल्या हस्तलिखित वंशावळी आहेत, ज्यांत ग्लारुसच्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी एकत्र मिळतात. इतकी सोय फार थोड्या कॅन्टनमध्ये आहे. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी देशभर १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाल्या, त्याआधीचे सारे चर्चच्या वह्यांत शोधावे लागते. संघराज्याची पहिली जनगणना १८५० ची आहे. जुने हस्तलेखन कुर्रेंट या वळणात असते. ते वाचायला शिकण्यासाठी काही आठवडे द्यावे लागतात आणि तो वेळ वाया जात नाही.

राज्यकर्ते बदलले की कागद कुठे ठेवले गेले तेही बदलते. ग्लारुस १३५२ मध्ये स्विस संघात आले, झेकिंगेनच्या मठाचे तिथल्या जमिनीवरचे हक्क १३९५ मध्ये पैसे देऊन सोडवून घेतले गेले, आणि १७९८ ते १८०३ या, फ्रेंचांच्या वर्चस्वाखालच्या हेल्व्हेटिक प्रजासत्ताकाच्या काळात ग्लारुस नावाचे कॅन्टनच नव्हते, लिंथ नावाचे होते. त्या पाच वर्षांचा कागद ‘ग्लारुस’ म्हणून शोधला तर हाती काही लागत नाही.

नेमक्या याच काळात रशियन सेनापती अलेक्सांद्र सुवोरोव आपल्या दमलेल्या सैन्यासह एल्मला आला. ५ ऑक्टोबर १७९९ ची रात्र तिथे काढून सैन्य बर्फातून पानिक्स खिंड चढले. तोफा वाटेतच गेल्या. तो ज्या घरात राहिला ते घर गावात आजही दाखवतात. पण रशियन कागदांत ही तारीख २४ सप्टेंबर अशी असेल, कारण रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चालत होते आणि ते अकरा दिवस मागे होते. स्वित्झर्लंडच्या आतही असा घोळ आहे. कॅथलिक कॅन्टनांपैकी बहुतेकांनी नवे पंचांग १५८४ मध्ये घेतले, तर बहुतेक प्रोटेस्टंट कॅन्टनांनी १७०१ मध्ये. चलनाचेही तसेच आहे: एकसमान फ्रँक १८५० च्या कायद्याने आला, आणि मीटर-किलोग्रॅम १८७७ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या किमती आणि मापे आजच्या एककांत बदलण्याची घाई करू नये. मूळ शब्द ठेवून शेजारी अर्थ द्यावा.

सर्वांत मोलाचे कागद मात्र कुरणांचे असतात आणि त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. उन्हाळी कुरणावर एक गाय चारण्याच्या हक्काला ग्लारुसमध्ये श्टोस म्हणतात. कोणत्या कुरणावर किती श्टोस, ते कोणाचे, कसे विकले गेले, याची यादी मिळाली तर गावातली श्रीमंती आणि गरिबी तिच्यातून थेट वाचता येते. तुलनेसाठी वालिस कॅन्टनमधल्या ट्यॉर्बेल गावाचा १५१७ चा नियम पाहावा: जितक्या गाई हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर पोसता येतात, त्याहून जास्त गाई कोणी वरच्या कुरणावर पाठवू नयेत. या एका वाक्याने खालचे गवत आणि वरचे कुरण एकमेकांना बांधले. खोऱ्याचा आकार ज्याने पाहिला आहे, त्यालाच या नियमाची ताकद कळते. राखीव रानांचे नियमही असेच शोधावेत. एल्मच्या पश्चिमेचा केर्प्फ परिसर १५४८ पासून शिकारीसाठी बंद आहे आणि युरोपातील सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते.

शेवटी पायी फिरून पडताळा

घरे पाहण्याआधी संघराज्याच्या वारसा-वस्त्यांच्या यादीतले एल्मचे वर्णन वाचावे. १९८१ मध्ये, म्हणजे दुर्घटनेला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, वस्ती नीट जपल्याबद्दल गावाला वाकर पुरस्कार मिळाला. लाकडी घरांची ही वस्ती टिकली हे विशेष आहे, कारण दक्षिणेकडून येणारा फ्योन नावाचा कोरडा वारा आगी भडकवतो. १८६१ च्या मे महिन्यात त्याच वाऱ्याने ग्लारुस शहराचा मोठा भाग जळून गेला होता. श्वान्डेन ते एल्म ही लहान रेल्वे १९०५ ते १९६९ अशी चालली, नंतर बस आली. खोऱ्यात चढताना तिच्या मार्गाच्या खुणा शोधत जावे.

चालण्याचा क्रम असा ठेवावा: चर्चपासून निघून आधी चिंगेलहोर्नरवरची रेघ आणि भोक नजरेत घ्यावे, मग खाणीच्या जागेकडे तोंड करून तुटलेला कडा पाहावा, आणि नंतर ड्यूनीबेर्गच्या उतारावर चढून वळून खाली पाहावे. सोबत आजचा नकाशा, एक जुना नकाशा आणि कुरणांच्या नावांची यादी ठेवावी. खडक कुठवर चढला ते तिथून दिसते, आणि आज कुरण असलेल्या जमिनीतले मोठे दगड १८८१ चे आहेत की त्याहून जुन्या एखाद्या दरडीचे, हा प्रश्न त्याच जागी, गावातल्या वयस्कर शेतकऱ्याला विचारून वहीत उतरवून घ्यावा.